सिमेंटात बसवलेलं जातं

माझ्या भावाच्या घरासमोर अजूनही अधूनमधून एखादी गाडी थांबते. उतरलेला माणूस आळोखेपिळोखे देत फाटकातून आत डोकावतो आणि जेवण मिळेल का म्हणून विचारतो. एकाने तर थेट शेवभाजीच सांगितली होती. पहिल्यांदा माझ्यासमोर असं घडलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता हसू येत नाही.

घर पाटोद्याहून मांजरसुंब्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. तिथे पूर्वी आमचं माळवदाचं घर होतं. ते पाडून भावाने बंगला बांधला, याबद्दल माझी काही तक्रार नाही. माळवद गळायचं, त्यावर दर वर्षी माती टाकावी लागायची, भिंतीतून विंचू निघायचे. असल्या घरांचा ज्यांना पुळका येतो त्यांनी त्यात एक पावसाळा काढून दाखवावा. माझं भांडण बंगल्याशी नाही, त्याला आणलेल्या शोभेशी आहे.

भाऊ गावातला पुढारी. पुढाऱ्याच्या निम्म्या बैठका ढाब्यावर होतात, आणि मांजरसुंब्याला ढाब्यांना तोटा नाही. त्यातल्याच एकाने शहरातली गिऱ्हाइकं खूश व्हावीत म्हणून अंगणात खेडं उभं केलं होतं. बैलगाडी, कंदील, विहिरीवरची बाई, सगळं. आमच्या भावाला ते इतकं आवडलं की त्याने तेच कारागीर घरी बोलावले. जन्मभर खेड्यात राहिलेल्या माणसाने ढाब्यावर खेडं बघितलं आणि ते घरी आणलं, याला काय म्हणावं मला कळत नाही.

आता फाटकाशी कमरेवर घागर घेतलेली फायबरची बाई उभी आहे. तिच्या गालाला खळीसुद्धा पाडली आहे. शेजारी फायबरचीच बैलजोडी, शिंगं सोनेरी. वडिलांच्या गाडीचं एक चाक उरलं होतं, ते वार्निश मारून भिंतीवर टांगलं आणि मधोमध दिवा बसवला. दिवाणखान्यात तर कहर आहे. तिथल्या एका भिंतीला शेणाने सारवल्यासारखा दिसणारा रंग दिलाय, बोटं ओढल्याच्या खुणांसकट, आणि वर एसी. आईने उभा जन्म खऱ्या शेणाने भिंती सारवल्या. तेव्हा याच भावाला मित्रांना घरी आणायची लाज वाटायची.

आईला आम्ही माय म्हणतो. माय मागे राहते. मागे म्हणजे बंगल्याच्या पाठीमागे, पत्र्याच्या खोलीत, तिच्या शेळीपाशी. तिला कुणी तिकडे ढकललं असं मी म्हणणार नाही. तिच्या मिश्रीने फरशीला डाग पडायला लागले, तिची तुरीची पोती जिन्याखाली बरी दिसेनात, शेळीचा वास हॉलपर्यंत यायला लागला. मग एकेक करत तिच्या वस्तू मागे गेल्या आणि त्यांच्यापाठोपाठ ती गेली. "तिला तिकडंच मोकळं वाटतंय," असं घरातला जो तो सांगतो. मायला मात्र कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

आणि मग भावाने तिचं जातं मागितलं.

जातं तिच्या रोजच्या वापरातलं होतं. पीठ गिरणीतून येतं, पण तुरीची डाळ ती अजून हातानेच भरडते. गिरणीच्या डाळीला चव नसते हा तिचा हट्ट आहे आणि तो खरा आहे. जातं पुढच्या पडवीत बसवायचं ठरलंय म्हटल्यावर तिने मला फोन केला. एरवी ती फोनवर शेळीच्या तब्येतीपलीकडे फारसं बोलत नाही, पण त्या दिवशी आवाजच वेगळा होता.

"जातं पडवीत बसवतोय म्हणं," ती म्हणाली. "आता डाळ भरडायला मला म्होरंच बसावं लागंल की. येणारं-जाणारं दिसंल. माणसांत बसल्यावानी वाटंल."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, भावाबद्दलही बरं वाटलं. जातं द्यायच्या आधी मायने टाकी लावणाऱ्या बाईला गाठून दोन्ही दगड छिन्नीने पुन्हा खरबरीत करून घेतले, जात्याचे दात झिजले होते म्हणून. पडवीत चार माणसांसमोर ते अडखळू नये एवढीच तिची काळजी.

दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा जातं बसवून झालं होतं. पडवीत लाल ओटा बांधून त्यावर ते ठेवलं होतं, काळं कुळकुळीत पॉलिश मारून. मी सहज खुंट्याला हात घातला. तो हलला नाही. वाकून बघितलं तर दोन्ही दगडांच्या मधल्या फटीत सिमेंट भरलेलं. वरचं तोंडही बुजवलेलं. मायने हे पाहिलं नव्हतं. रंग ओला आहे, इतक्यात पुढे येऊ नको, असं तिला सांगून ठेवलं होतं आणि ती बिचारी रंग वाळायची वाट बघत होती. तिला कसं सांगावं याचा विचार करण्यात माझा तो दिवस गेला.

पाडव्याला भावाच्या पक्षातले मोठे साहेब सहकुटुंब फराळाला आले. साहेबांच्या बायकोने जातं बघितलं आणि हे खरंखुरं आहे का म्हणून विचारलं. भावाची छाती फुगली. "आमच्या मायचं हाय," तो म्हणाला. "थांबा, बोलावतो तिला. दळताना फोटो काढा."

माय आली. धुतलेलं लुगडं, डोईवर पदर, आणि हातात सूप. सुपात निवडलेली तूर होती. तिला वाटलं, जात्यावर बोलावलंय म्हणजे भरडायला बोलावलंय.

ती ओट्यापाशी पाय पसरून बसली. मूठभर तूर जात्याच्या तोंडात सोडली. तोंड बुजलेलं, तूर पॉलिशवरून घरंगळत फरशीवर पसरली. तिने खुंटा धरून ओढला. मग दोन्ही हातांनी ओढला. साहेबांची बायको मोबाइल धरून म्हणत होती, आजी, एखादी ओवी म्हणा ना.

मायने भावाकडे बघितलं. "ह्ये फिरंना रं," ती म्हणाली.

"फिरवायचं न्हाई, माय. नुसता हात ठेव. फोटोपुरतं."

तिने हात ठेवला. फोटो निघाले, साहेबांचाही तिच्याशेजारी निघाला. मग ती सगळी माणसं आत फराळाला गेली, आणि माय फरशीवरची तूर दाणा दाणा वेचून सुपात भरत बसली. मी मदतीला वाकले तर म्हणाली, ऱ्हाऊ दे, तुझी साडी चांगली हाय.

पाहुणे गेल्यावर मी भावाला गाठलं. "कावून केलंस असं? म्होरं बसायला मिळंल म्हणून तिनं जातं दिलं तुला."

"पोरं हलवतील, बोटं चेमटतील. आन् डाळ मिक्सरवर बी हुती की." तो शांतपणे बोलत होता, समजूत घालायच्या सुरात. मी गप्प बसत नाही म्हटल्यावर मात्र त्याचा सूर बदलला. "अक्का, तू पाव्हणी हायस. चार दिस आलीस, गोड खा आन् पाव्हणीवानी ऱ्हा."

ज्या घरात आई मागे आणि बहीण पाहुणी, त्या घराच्या भिंतीवर 'मातोश्री' अशी सोनेरी अक्षरं आहेत. हे मी मनात ठेवलं नाही, त्याला ऐकवलंच. तो मोबाइल बघत राहिला.

तो फोटो आता दिवाणखान्यात आहे, सोफ्याच्या वर, दाराएवढा. माय जात्यावर हात ठेवून बसली आहे. तिची नजर त्या बुजवलेल्या फटीवर आहे, पण आल्यागेल्याला वाटतं की ती दळण्यात रमली आहे. लोक थांबून बघतात, घराला कशी शोभा आली म्हणतात. भाऊ अभिमानाने सांगतो, आमच्या मातोश्री.

परवा मी गेले तेव्हा पत्र्याच्या खोलीला कडी होती. भावजय म्हणाली, शेजाऱ्यांकडं गेल्यात, त्यांच्या जात्यावर डाळ भरडायला. मी पुढच्या फाटकातूनच आले होते, माय वाटेत भेटली नाही, असं मी म्हटलं.

"तिकडून न्हाई जात त्या," भावजय म्हणाली. "मागच्या दारानं जात्यात."