पाठमोऱ्या बाई

आमच्या शाळेत त्यांना सगळे पाठमोऱ्या बाई म्हणायचे, आणि त्यांना ते ठाऊक होतं. वर्गात कोणी मोठ्याने वाचायला उभं राहिलं की बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहत. बाकीच्या मुलांनी डोकी बाकावर टेकवायची. वाचणाऱ्याकडे कोणी बघायचं नाही. ही सवय घरातून आलेली. त्यांचा धाकटा भाऊ बोलताना अडखळायचा. समोर कोणी बघत असलं की त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. ताई भांडी घासायला बसली की मात्र तिच्या पाठीमागे बसून तो दिवसभराचं सगळं सांगायचा. मागे वळून बघायचं नाही, हे पथ्य ताईने तेव्हा पाळलं आणि पुढे वर्गात आणलं.

मी शेजारच्या वर्गावर. मला हे नसते लाड वाटायचे, आणि मी तसं तोंडावर सांगितलंही.

"असू दे, तुम्ही तुमच्या वर्गात डोळे वटारा," त्या म्हणाल्या.

मग एकदा ढकलाढकलीत एका मुलाचा दात पडला. कोणी ढकललं याचा पत्ता लागेना. पालक शाळेवर चालून आले आणि प्रत्येक वर्गात, मागच्या भिंतीवर कॅमेरा बसवायचं ठरू लागलं. बैठकीत मी कॅमेऱ्याच्या बाजूने हात वर केला. आजही करीन. मुलं काही साधुसंत नसतात, आणि शिक्षक तर नसतातच. विरोधात बोलल्या त्या एकट्या बाई.

"ढकललं कोणी ते कळेल हो. पण मुलं शिकताना चुकतात, आणि चुकायला जरा आडोसा लागतो."

मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिलं. कॅमेरे बसले. पालकांना घरबसल्या फोनवर वर्ग दिसू लागला. आवाज मात्र येत नसे.

बाईंच्या वर्गात एका शिवणवालीची मुलगी होती. तीही अडखळायची. सुरुवातीला हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. बाईंच्या पाठीमागे ती आधी एक ओळ, मग उतारा वाचायला लागली. आईला तिने हे कळू दिलं नव्हतं. अख्खा धडा जमला की आईला वर्गात बोलवायचं आणि वाचून दाखवायचं, असं तिचं नि बाईंचं ठरलं होतं. कॅमेरा बसला त्याच सुमाराला धडा जमत आला होता.

शिवणवालीने फोन मशिनला टेकवून ठेवलेला. पहिल्याच दिवशी तिला दिसलं ते असं: पोर पुस्तक घेऊन उभी, बाईंची तिच्याकडे पाठ, आणि सगळा वर्ग झोपलेला. गळ्यातली टेप तशीच ठेवून ती तरातरा शाळेत आली. आरडाओरडा ऐकून मीही मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले.

"माझ्या पोरीला नीट बोलता येत नाही म्हणून तिच्याकडे पाठ फिरवता? जरा तरी लाज बाळगा!"

"अहो, ती वाचत होती," बाई म्हणाल्या.

"माझी पोर? चारचौघांत? मला नका सांगू."

मुख्याध्यापकांनी कॅमेऱ्यातलं चित्रण पुन्हा लावलं. पण त्यात मुलगीही मागूनच दिसत होती. तोंड उघडलं की नाही, काही कळेना. बाईंचा चेहरा उतरला. त्यांचं मला वाईट वाटलं.

"मग चला, आत्ताच वाचू दे," शिवणवाली म्हणाली.

आम्ही वर्गात गेलो. बाई फळ्याकडे वळल्या. मुलांनी डोकी टेकवली. मुलगी उठली, पुस्तक उघडलं, आणि मान वळवून मागच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याच्या लाल दिव्याकडे बघत राहिली.

"बा... बाई, त्... त्याला पण तिकडे ब... बघायला सांगा ना."

दारातल्या शिवणवालीने हळूच भिंतीकडे तोंड केलं. मग मीही केलं. आम्ही बराच वेळ तशाच उभ्या होतो. कॅमेरा स्क्रूने पक्का बसवलेला होता. शेवटी मुलीने पुस्तक मिटल्याचा आवाज आला, आणि ती खाली बसली.