पुढच्या खणातला खलबत्ता

वन्सं, तुम्ही होतात की विमानतळावर. माझी बॅग वजनात बसेना, काउंटरवरची मुलगी नुसती मान हलवत होती, आणि तुमची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शांतपणे म्हणाल्या, "खलबत्ता काढ." साताऱ्याहून टॉवेलात गुंडाळून आणलेला तो लोखंडी खलबत्ता त्यांनी छातीशी धरला आणि मी दिसेनाशी होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. विनायक आधीच जर्मनीत नेकारसुल्मच्या कारखान्यात रुजू झाला होता. मी रडत होते ती तुमच्यासाठी की त्या खलबत्त्यासाठी, देव जाणे.

काही वर्षांनी आई इथे आल्या तेव्हा त्यांच्या बॅगेतून पहिला तोच निघाला. तुला नेऊ दिला नाही ना, मग मीच आणला, म्हणाल्या. मी वेडी होऊन हसत सुटले.

आईंनी जन्मभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. आल्प्स फळ्यावर काढून काढून हात दुखले असतील, आणि इथे आल्प्सच्या एवढ्या जवळ येऊन बाई फ्लॅटबाहेर पडेनात. मला वाटलं थंडी. मग वाटलं गुडघे. शेवटी एकदा भाजी निवडताना हळूच म्हणाल्या, सारखं जावं लागतं गं, परक्या मुलखात कुठे शोधत फिरू? साताऱ्यातसुद्धा लग्नाकार्याला जाणं त्यांनी त्यापायीच सोडलं होतं. आपण मात्र समजत होतो, त्यांना हौस नाही. परतीचं तिकीट जवळ आलं होतं आणि मला नुसती रुखरुख लागली.

विनायकला सांगितलं. तो फक्त "आल्झो" म्हणाला, जर्मनमधलं "हं, तर मग". हा आल्झो म्हणाला की समजायचं, डोक्यात काहीतरी शिजतंय. शनिवारी जुना, लहानसा वोनवागन विकत घ्यायचा ठरवून आला. मोटारीमागे ओढायची खोलीच ती. शेगडी, झोपायची बाकं आणि कोपऱ्यात एवढंसं टॉयलेट.

मला वाटलं, अडकवायचा आणि निघायचं. छे! आमची व्हॅन किती वजन ओढू शकते ते आधी कागदपत्रांत बघितलं. वर्कशॉपमध्ये व्हॅनला ओढायचा आकडा बसवून घेतला. मला मागे उभं करून डावा दिवा, उजवा दिवा, ब्रेकचा दिवा तपासला, आणि प्रत्येक दिव्याला आमची लेक सई टाळ्या पिटून "गेनाऊ!", अगदी बरोबर, असं ओरडत होती. मागचं दिसावं म्हणून लांब आरसे आले, टायरांत हवा झाली. एक बारीक पोलादी दोरी होती. वोनवागन चुकून सुटलाच, तर ती त्याचे ब्रेक ओढणार. सुटू नये म्हणून एवढं करायचं, आणि वर सुटला तर काय याचाही विचार! लग्नाआधी माझी पत्रिकासुद्धा एवढी बघितली नव्हतीस, असं मी चिडवलं. पण खरं सांगते, या माणसाचं मला कौतुक वाटत होतं. बोलून दाखवत नाही, पण आईसाठी वाकून वाकून सगळं करत होता.

आता आमची करामत ऐका. स्वयंपाकघर वोनवागनच्या मागच्या टोकाला, म्हणून आईंनी आणि मी सगळा शिधा तिथेच रचला. कणीक, तांदूळ, कुकर, पाण्याचे कॅन, लोणच्याची बरणी. चार दिवसांसाठी निघालेलो आम्ही, पण उपाशी राहू नये ही आपली जातकुळी!

निघण्याआधी विनायकने मला घेऊन एक चक्कर मारली. रस्ता मोकळा होता. वेग वाढला तसा वोनवागन मागे शेपूट हलवायला लागला, आणि व्हॅनही डुलायला लागली. विनायकने चाक घट्ट सरळ धरलं, पाय अलगद उचलला आणि गाडी कडेला घेतली. घरी आलो तेव्हा आईंना आमच्या तोंडावरूनच कळलं.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या. "माझ्या एकटीच्या हौसेपायी जीव धोक्यात नको."

"आई, हौस बरोबर आहे. फक्त सामान चुकीच्या जागी आहे," विनायक म्हणाला.

मागे जड झालं की पुढचं टोक हलकं होतं आणि व्हॅनची पकड राहत नाही, हे त्याने समजावलं. सगळा शिधा फुटपाथवर उतरला. शेजारी बघतायत, बघू देत. जड वस्तू तळाला, चाकांच्या बरोबर वरती ठेवल्या. मग पुढचं टोक आमच्या बाथरूममधल्या वजनकाट्यावर टेकवलं. अजून थोडं कमीच. आई आत गेल्या, खलबत्ता आणला आणि पुढच्या खणात ठेवला. काटा जागेवर आला. पुन्हा चक्कर मारली, तर वोनवागन शहाण्या मुलासारखा मागून आला.

वाटेत जागोजागी थांबलो. प्रत्येक थांब्याला आई वोनवागनची किल्ली घेऊन ऐटीत उतरायच्या. बोडनझे तळ्याच्या काठावर पोचलो आणि पाण्यापलीकडे बर्फाचे डोंगर दिसले. आई म्हणाल्या, "फळ्यावर मी हे फार बुटके काढत होते गं." आणि पदराने डोळे पुसले.

परत जाताना त्यांची बॅग भरताना मी म्हटलं, अहो आई, खलबत्ता राहिला.

"असू दे तिथेच. पुढे वजन लागतं ना?"

पुढे आई देवाघरी गेल्यावर तुम्ही साताऱ्याचं घर आवरलंत आणि परवा फोनवर विचारलंत, खलबत्ता कुठे दिसत नाही. तर तो इथे आहे. घर कुठे, असं कुणी विचारलं की पूर्वी पटकन सातारा म्हणायचे. आता मनात तो खण येतो. त्या वजनामुळे आम्ही इथे न डुलता चाललोय, वन्सं.

खलबत्ता हक्काने तुमचा. पण न्यायला तुम्हीच या, टॉयलेटची काळजी नाही. फक्त येताना साताऱ्याहून तेवढ्याच वजनाचं दुसरं काहीतरी आणा, पुढे ठेवायला.