वीणा गळ्यात असताना

मी माझ्या पाच वर्षांच्या लेकीला थोबाडीत मारली होती. हे आधीच सांगतो, कारण लपवून पुढचं लिहिता येणार नाही.

आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी. साजगावच्या एका कारखान्यात कारकून होतो. लेक सुमन दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. डावा पाय वाळला, गुडघा आखडला. रोज तेल लावून गुडघा हळूहळू सरळ करा, वर्षं लागतील, असं डॉक्टर म्हणाले होते. मी ऐकलं, पण वर्षं लागतील हे मानलं नाही. बायको उजाडताच शेतावर मजुरीला जायची, म्हणून पाय माझ्याकडे. तीन वर्षं पहिल्या पाळीला जाण्याआधी मी तो चोळला आणि दर रविवारी टेपाने पोटरी मोजली. बी.ए. पहिल्या झटक्यात झालेल्या माणसाला हा एवढासा पाय दाद देईना. त्या रविवारी माप तेच आलं, सुमनने रडून पाय ओढून घेतला आणि माझा हात उठला.

गावात हरिनाम सप्ताह चालू होता. त्याच दुपारी तासभर वीणा घेऊन नाम घेत उभं राहायचा पहारा माझा. घरी कोणी नाही, म्हणून सुमनला कडेवर घेऊन देवळात गेलो. "बीएवाले, काय झालं तरी वीणा खाली ठेवायची नाय हां," गळ्यात वीणा घालताना सप्ताहाचे बुवा हसून म्हणाले. तास संपला, पण पुढचा माणूस आलाच नाही. मी नाम घेत उभा.

पायरीशी डोंगरावरची एक म्हातारी लाकडाची मोळी उतरवून सावलीला टेकली होती. सुमन सरपटत तिच्याकडे गेली. म्हातारीने सहज तिचा पाय हातात घेतला, तशी पोर अंग चोरून बसली.

"का गं, दुकतंय?"

"नाय. बाबा ओढतात."

"कुठला तुजा बाबा?"

सुमनने माझ्याकडे बोट केलं. म्हातारीने मला खालीवर पाहिलं. "काय रं, पाय काय पळून चाललाय? त्या वीणंला बघ कसं जपून धरलंय!"

चार माणसं हसली. वीणा गळ्यात, जागा सोडता येईना. म्हातारीने पाय ओढला नाही, दाबला नाही. नुसता तळवा ओंजळीत धरून पोरीशी बोलत बसली. सुमन खुदकन हसली. माझ्या हाताखाली ती कधी हसली नव्हती. मी नाम घेत बघत राहिलो.

पुढचा माणूस धावत आला आणि रिवाजाप्रमाणे माझ्या पाया पडला. त्या दिवशी माझ्या पाया पडायचं! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. वीणा त्याच्या गळ्यात घालून वळलो तोवर म्हातारी मोळी उचलून गेली होती. ती कोण होती, माणूस की देव, यावर मी वाद घालत नाही. मला अडकवून कोणीतरी बघायला लावलं, एवढं मात्र खरं.

सुमनचा पाय पुरता सुधारला नाही. ती आजही पायाला आधाराचा पट्टा बांधून चालते. मलाही राग येतोच. पण पहारेकरी सप्ताहाचं फळ विचारत नाही, आपला तास उभा राहतो, हे त्या दुपारी कळलं.

त्या दुपारनंतर कित्येक दिवस मी तेल घेऊन बसलो की ती पाय गोधडीत लपवायची. मी नुसता बसून राहायचो, कारखान्याचा भोंगा झाला की उठायचो. मग एका सकाळी तिने आपणहून पाय माझ्या मांडीवर ठेवला. पांडुरंगा, मला एवढं पुष्कळ आहे.