डावीकडे भिंत असलेली जागा

"डोळे उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. मी सुटकेचा श्वास टाकणार तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "प्रश्न मेंदूचा आहे."

स्कॅन समोर पडद्यावर होता. मेंदूच्या मागच्या भागात, उजव्या बाजूला, एक डाग. तो स्ट्रोक. आणि त्या स्ट्रोकने जे झालं त्याचं नाव होमोनिमस हेमिअनोपिया. म्हणजे डोळे शाबूत, पण दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या चित्राचा डावा अर्धा भाग गेलेला. तिथे काळोख नसतो. तिथे काही नसतंच, त्यामुळे काही हरवलंय हे माणसाच्या लक्षातही येत नाही.

माझे यजमान श्रीकांत जन्मभर इथल्या हॉस्पिटलांत भूलतज्ज्ञ होते, आधी बर्मिंगहॅमला आणि मग लंडनमध्ये. मी त्यांना 'अहो' म्हणते, लिहिताना मात्र नाव घेते. डॉक्टरांचं बोलणं त्यांना माझ्या आधी कळलं होतं. त्यांनी एकच विचारलं, "ड्रायव्हिंग?"

"सॉरी," डॉक्टर म्हणाले. "लायसन्स परत पाठवावं लागेल."

पहिलं लक्षण मला ताटात दिसलं होतं. आमच्याकडे अजून डावं-उजवं पाळून वाढतात. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. त्या दिवशी श्रीकांत म्हणाले, "आज कोशिंबीर नाही केलीस?" कोशिंबीर ताटात होती. मला वाटलं, चिडवताहेत. दुसऱ्या दिवशी चटणीबद्दलही तेच विचारलं, तेव्हा मात्र मी त्यांना हॉस्पिटलात नेलं. तुमच्या घरी कुणी ताटाची एक बाजू तशीच सोडून उठलं, तर थट्टेवारी नेऊ नका. लगेच हॉस्पिटल गाठा.

घरी आल्यावर आम्ही सगळ्यांनी त्यांची काळजी घ्यायला सुरुवात केली. आपल्या लोकांना दुसरं काही येत नाही. पिनरमधली, म्हणजे लंडनच्या आमच्या उपनगरातली, सगळी मंडळी डबे घेऊन आली. "काका, तुम्ही नुसता फोन करा, आम्ही सोडू," असं प्रत्येकजण म्हणाला आणि खरंच सोडायलाही आला. मी चालताना सतत त्यांच्या डाव्या हाताला राहू लागले. चहाचा कप, पेपर, चष्मा सगळं उजवीकडे ठेवू लागले. चटणी-कोशिंबीरसुद्धा उजवीकडे वाढू लागले. माझी आई असती तर तिने पाटावरून उठवलं असतं मला.

श्रीकांत खुर्चीत बसून राहू लागले. कुणी न्यायला आलं तर जायचे, नाहीतर नाही. एकटे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जाईनात. एकेकाळी स्कॉटलंडच्या टोकापर्यंत गाडी हाकणारा माणूस. बसचं नाव काढलं की म्हणायचे, "मी काय बसची वाट बघत उभा राहू?" मला त्यांच्या डोळ्यांपेक्षा त्या खुर्चीची जास्त भीती वाटायला लागली. हे असंच राहिलं तर हा माणूस पुन्हा कधी एकटा उंबरठा ओलांडणार नाही, हे मला दिसत होतं.

नेत्रविभागातल्या वेटिंग रूममध्ये आम्ही बरेच तास काढले. तिथली ऑर्थोप्टिस्ट, म्हणजे डोळ्यांच्या हालचाली आणि नजर तपासणारी तज्ज्ञ, आमच्या मुलीच्या वयाची होती. तिने स्कॅनिंग शिकवलं. गेलेली बाजू परत येत नाही, पण मान आणि डोळे मुद्दाम तिकडे वळवायची सवय लावता येते. मी तिला कौतुकाने सांगितलं की मी सगळं त्यांच्या उजवीकडे ठेवते.

ती म्हणाली, "तुम्ही सगळं उजवीकडे ठेवलंत, तर ते डावीकडे बघतील कशाला?"

त्या रात्री मी चटणी पुन्हा डावीकडे वाढली. श्रीकांतना ती सापडायला वेळ लागला. शोधेपर्यंत मी हात मांडीवर घट्ट धरून बसले होते.

इटलीची कल्पना ऋचाची, आमच्या लेकीची. ती केंब्रिजला असते आणि कॉन्फरन्ससाठी बोलोन्याला जाऊन आली होती. "आई, तिकडे सगळा रस्ता कव्हर्ड आहे. कमानी आहे दोन्ही साइडला, खाली माणसं चालतात. आणि सेंटरमध्ये कार्स जवळजवळ अलाउडच नाही. बाबांसाठी परफेक्ट आहे ती शहर." तिचं लिंग-वचन चुकतं, पण मुद्दा चुकत नाही.

स्ट्रोकच्या डॉक्टरांनी विमानाला परवानगी दिली. प्रश्न उरला तो उतरायचं कुठे याचा.

माझी मैत्रीण शैला हिची मुलगी बोलोन्याबाहेर टेकडीवर राहते. शैलाचा लगेच फोन आला. "अगं, घरचं घर असताना हॉटेल कशाला? खाली बेडरूम आहे, बाग आहे. जावई रोज गाडीने फिरवतील. भाऊजींना एक पाऊल चालायला लागणार नाही."

श्रीकांत खूश. "बघ, सोय झाली."

दुसरी जागा स्टेशनजवळचं हॉटेल. लिफ्ट, भरपेट नाश्ता, पण समोर रहदारीचा मोठा रस्ता. तिसरी जागा जुन्या शहरात होती. कमानींच्या वर भाड्याची एक खोली, लिफ्ट एवढीशी, आणि नाश्ता नाही.

मी कम्प्युटरवर त्या गल्लीचे फोटो पुढेमागे करून बघत बसले. दारातून बाहेर पडून डावीकडे वळलं की बेकरीपर्यंत सलग कमानी, आणि घरांची भिंत डाव्या हाताला. म्हणजे न दिसणाऱ्या बाजूने कुणी अंगावर येणार नाही. परत येताना समोरच्या कमानींखालून आलं की तिथेही भिंत डावीकडेच. फक्त एकदा बेकरीपाशी आणि शेवटी आपल्या दारासमोर रस्ता ओलांडायचा. तिथे खरी मेख होती. इंग्लंडमध्ये रस्ता ओलांडताना वाहन आधी उजवीकडून येतं. इटलीत आधी डावीकडून. गल्लीत गाड्या फारशा नसल्या तरी सायकली होत्या, सामान पोचवणाऱ्या व्हॅन होत्या.

तरी मी तीच खोली घेतली.

"नाश्तासुद्धा नाही?" श्रीकांत भडकले. "लोक बोलावताहेत, आणि तू मला उपाशी ठेवणार?"

"नाश्ता बाहेर मिळतो," मी म्हटलं. "बाहेर जायचं."

शैलाला नाही म्हणणं याहून अवघड गेलं. आपल्यात प्रेमाने बोलावलेल्याला नकार म्हणजे अपमानच. मी तिला सांगितलं, "तुझ्याकडे त्यांना पाऊलही टाकावं लागणार नाही, म्हणूनच नको गं." ती दुखावली. मलाही वाईट वाटलं. मी निर्णय बदलला नाही, पण चुकले तर काय होईल या धास्तीने मला धड जेवण जाईना.

पहिल्याच दिवशी श्रीकांतचा खांदा कमानीखाली ठेवलेल्या मेनूच्या फळ्याला लागला. फळा आडवा, हॉटेलवाला हात जोडतोय, हे संतापलेले. "शैलाकडे बागेत बसलो असतो!" मी उजव्या बाजूने चालत होते, मुद्दाम. पाय सारखे डावीकडे ओढले जात होते. पुढचे दिवस तसेच गेले. सकाळी बेकरी, दुपारी बाजार, संध्याकाळी चौकातला बाक. कुणी सोडायला नाही, कुणी न्यायला नाही. हळूहळू त्यांची मान वळायला लागली. सांगितल्यावर वळायची, मग कधीकधी न सांगतासुद्धा.

एका सकाळी मी म्हटलं, "अहो, आज तुम्हीच जा. माझे पाय दुखताहेत." पाय दुखत नव्हते. त्यांनाही ते कळलं असावं. पण त्यांनी टोपी घातली आणि लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला.

खिडकीतून खालच्या कमानी दिसत नाहीत, त्यांच्यावरच आपण उभे असतो. जाणारा माणूस दिसलाच नाही. मी काचेला कपाळ लावून उभी राहिले. भूल देताना हे पेशंटच्या नातेवाइकांना बाहेर बसायला सांगायचे, ते बसणं म्हणजे काय असतं ते मला त्या खिडकीत कळलं.

मग समोरच्या खांबांमधून टोपी दिसली. हातात कागदी पिशवी. श्रीकांत आमच्या दारासमोर, माझ्या खिडकीच्या जरा अलीकडेच, रस्त्याच्या कडेला थांबले. सायकल येत होती, त्यांच्या डाव्या बाजूने, वेगात. हाक माझ्या ओठांवर आली होती. मी तोंडावर हात दाबला.

त्यांनी मान वळवली. पूर्ण डावीकडे, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत. सायकल गेली. त्यांनी पुन्हा एकदा बघितलं आणि रस्ता ओलांडला.

मी पलंगावर बसून रडले. भीतीने की आनंदाने, मला अजून सांगता येत नाही.

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी असं आजारपण आलंच, तर मदतीला धावणाऱ्यांवर रागावू नका. त्यांच्याच डब्यांवर आमचे ते दिवस निघाले, आणि शैलाशी माझं नंतर पुन्हा जुळलं. फक्त माणसाला जपताना त्याच्या वाटणीचं शोधणं त्याच्याकडेच राहू द्या. ऑर्थोप्टिस्टच्या त्या एका प्रश्नाचे उपकार मी विसरणार नाही. परवा श्रीकांत एकटे बसने जवळच्या हॅरोला जाऊन आले. बस उशिरा आली म्हणून घरी येऊन तासभर कुरकुर केली, आणि मी ती सगळी आनंदाने ऐकली.

बोलोन्यातल्या त्या सकाळी दार उघडलं तेव्हा मी तोंड धुऊन बसले होते. श्रीकांतनी पिशवी टेबलावर ठेवली.

"खिडकीतून बघत होतीस ना?"

"छे हो. मी कशाला बघू?"

ते खुर्चीवर बसले, बूट काढायला वाकले.

"दिसलीस मला," ते म्हणाले. "डावीकडे होतीस."