उजेड बराबर, ऊब नाही

मीटरवर व्होल्टेज दोनशे तीस. वायरिंग ठीक. चारही दिवे लख्ख. आणि त्या दिव्यांखाली कोंबडीची पिल्लं एकमेकांवर चढून चेंगरत होती.

मी हिंगोलीचा इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. शिरड शहापूरहून गोदावरीबाईंचा सकाळीच फोन आला होता, "साहेब, करंट कमी येऊन राहिला. पिल्लं मरून राहिली." रोग नाही, असं जनावरांचे डॉक्टर आदल्या दिवशी सांगून गेले होते. थंडी मात्र कडक पडली होती.

"दिवे कधी बदलले?" मी विचारलं.

त्यांचे यजमान दत्तराव पुढं आले. "मीच बदलले या खेपेला. शंभर वॉटचे पिवळे बल्ब काढले, बारा वॉटचे एलईडी लावले. उजेड तेवढाच हाय."

"उजेड तेवढाच. ऊब?"

त्यांनी दिव्याखाली हात धरून पाहिला.

वॉट म्हणजे दिवा दर सेकंदाला किती ऊर्जा घेतो, त्याचं माप. जुना बल्ब शंभर घेतो. त्यातला थोडा भाग उजेड होतो, बाकी सगळी उष्णता. घरात तो तोटा. इथं पिल्लं त्या तोट्यावरच जगत होती. एलईडी घेतोच बारा. बारातून शंभराची ऊब निघणार कुठून?

"म्हंजे लेकरांना आमी नुसता उजेडच दिला," गोदावरीबाई म्हणाल्या.

"मंग एलईडीच वाढवतो," दत्तराव म्हणाले.

"एका बल्बच्या जागी आठ लागतील," मी म्हणालो. "त्यांची गरमी मागं बुडाकडं जाते, खाली पिल्लांवर पडत नाही."

दत्तराव जुने बल्ब शोधायला गाडी काढून जवळा बाजार गावाला गेले. एका दुकानदाराच्या माळ्यावर जुने बल्ब सापडले. चिनी मातीचे होल्डर आणायला मी बजावलं होतं. गरम बल्बनं प्लास्टिकचे वितळतात आणि खाली भुसा पसरलेला. तोवर गोदावरीबाईंनी शेडला गोणपाट बांधलं, वायर जादा भार पेलेल ना, ते मी तपासलं.

बल्ब लागले. आम्ही तिघं दाराशी उभे राहिलो. आधी काहीच हललं नाही. मग ढिगाच्या कडेची पिल्लं सुटी झाली, मागोमाग मधली. थोड्या वेळानं काही दाणे टिपायला लागली. गोदावरीबाई खाली बसल्या आणि पदरानं डोळे पुसले.

तळाशी दबलेली काही वाचली नाहीत. बाकीची पिल्लं तगली.

दत्तरावांनी काढलेले एलईडी घरात लावले. तिथं ते उत्तम चालतात. दिवा बदलण्याआधी एवढंच विचारावं, की तो लावलाय कशासाठी.