पाठीवरची खपली

निवृत्त झाल्यानंतर दुसऱ्या वर्षी मी दर रविवारी घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये शिकवायला जाऊ लागलो. समोर वीस-पंचवीस जण असायचे. गल्लीतले दवाखाने चालवणारे डॉक्टर आणि काही नर्सेस. विषय होता उष्ण प्रदेशातले ताप आणि प्रवाशांचे आजार. मी जन्मभर हॉस्पिटलात तापाचेच पेशंट पाहिलेले, त्यामुळे बोलायला काही कमी नव्हतं. खरं सांगायचं तर आठवड्यात तेवढेच तीन तास मी कुणाशी सलग बोलायचो. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. मूलबाळ नाही. डोंबिवलीशेजारच्या कोपरला माझं घर, तिथे टीव्ही चालू ठेवायचो, घरात आवाज असावा म्हणून.

पहिल्या तासाला मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘कुठे गेला होतात?’ तापाच्या प्रत्येक पेशंटला आधी हे विचारायचं, मग स्टेथोस्कोप काढायचा, असं बजावलं.

शेवटच्या रांगेत चाळिशीची एक डॉक्टर बसायची. डोंबिवली पश्चिमेला तिचा छोटा दवाखाना होता. ती सगळं उतरवून घ्यायची, बोलायची क्वचित. त्या दिवशी मात्र उभी राहिली.

“सर, पेशंट नाहीच म्हणतात. त्यांना प्रवास म्हणजे विमान वाटतं. मुरबाडला मेहुणीकडे लग्नाला गेलेलो, हे ते सांगतच नाहीत.”

वर्ग हसला. “मग नीट विचारायचं,” असं म्हणून मी पुढे सरकलो. ती मला फारशी हुशार वाटली नव्हती.

पाऊस ओसरल्यावर मला ताप आला. डोकं ठणकत होतं, अंग मोडून आलेलं. मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी करून घेतली, दोन्हींत काही निघालं नाही. पाचव्या दिवशीही ताप उतरेना, तेव्हा वर्ग रद्द केल्याचा निरोप पाठवला. दुपारीच शेवटच्या रांगेतल्या त्या डॉक्टरचा फोन आला.

“सर, घरी कोण आहे?”

“कामवाली येऊन गेली सकाळी.”

“मी येते.”

वीस मिनिटांत ती दारात होती. ताप, रक्तदाब बघितला आणि खुर्ची ओढून समोर बसली.

“सर, महिनाभरात कुठे गेलेलात?”

“कुठेही नाही. मी कुठे जाणार?”

“कोणी बाहेरगावाहून आलेलं?”

“कोणी नाही.”

मला वाटलं, आता ती औषध लिहून देईल. तिने वही उघडली. “मग असं करू. तीन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारपासून सुरू करा. रोज काय केलं ते सांगा.”

मी सांगायला लागलो आणि चौथ्या दिवसाशीच अडखळलो. उठलो, चहा केला, पेपर वाचला, खिचडी टाकली. सोमवार आणि गुरुवार यांत काही फरकच निघेना. परक्या बाईसमोर मला स्वतःची लाज वाटायला लागली. ती मात्र घाई न करता पेन धरून बसली होती.

मग एक मंगळवार आठवला. पेन्शनच्या कामासाठी कल्याणला गेलो होतो. काम अर्ध्या तासात उरकलं. घरी जावंसं वाटेना. फलाटावर कसाऱ्याची गाडी उभी होती, तीत बसलो आणि खडवलीला उतरलो. भातसा नदीच्या काठी गवतात रुमाल पसरून तास-दोन तास पडून राहिलो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायला कुणी नव्हतं. आणि हळूहळू मी गेलो होतो, हेही माझ्या हिशेबातून गळून गेलं होतं.

“गवतात?” ती उठली. “सर, शर्ट काढा.”

डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली तिचं बोट थांबलं. तिने मोबाइलवर फोटो काढून मला दाखवला. विडीचा चटका बसावा तशी वाटोळी, काळी खपली, भोवती लालसर कड. स्क्रब टायफस. गवतातला डोळ्यांना न दिसणारा किडा चावतो, दुखत नाही, खाजत नाही. या खपलीच्या स्लाइड मी कित्येक वर्षं शिकाऊ डॉक्टरांना दाखवत आलो होतो.

“हे आठवडाभर तरी असणार, सर. कोणी बघितलं नाही?”

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने फोन पर्समध्ये टाकला. मी शर्ट चढवला आणि बटणं लावत बसलो.

हॉस्पिटलात जायला मी नकार दिला. “धाप लागली तर मी ऐकणार नाही,” असं दरडावून तिने रक्त तपासणीला पाठवलं आणि गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या. सकाळी दवाखान्याआधी आणि संध्याकाळी दवाखान्यानंतर बघून जायची. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. रिपोर्टही तोच आला. त्यानंतर तिचं येणं थांबलं. थांबायलाच हवं होतं, तिला संसार होता. तरी दोन-तीन संध्याकाळी सात वाजता मी उगाच दाराचा लॅच काढून ठेवला.

अभ्यासक्रमाच्या शेवटच्या रविवारी ही केस मी वर्गाला शिकवली. फळ्यावर लिहिलं, ‘पुरुष, वय साठ, एकटा राहतो.’ पहिल्या रांगेतल्या एकाने विचारलं, “सर, एकटा राहतो हे कशाला लिहायचं?”

“पाठ कोण बघणार त्याची?” मी म्हटलं. “तुम्हालाच बघायला लागेल.”

पेशंट कोण ते मी सांगितलं नाही. शेवटच्या रांगेत ती खाली मान घालून लिहीत होती.

नंतर सगळ्यांचा एकत्र फोटो काढला आणि मंडळी आपापल्या गाड्यांकडे पांगली. फोटो संध्याकाळी मोबाइलवर आला. दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून मीच मोठा करून बघितला. शर्ट अंगावर टांगल्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी चार शर्ट बारीक करून घ्यायला शिंप्याकडे गेलो. त्याने खांद्यावर टेप धरला.

“काका, वजन परत वाढलं तर?”

“मग उसव.”

“मग जादा कापड कापत नाही, आत सोडून ठेवतो,” तो म्हणाला आणि खडूने खुणा करायला लागला.