वाटीतला नेचा

रोह्याच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. खात्री पटल्याशिवाय कुठल्याही झाडाचं नाव घ्यायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. त्या सवयीचा मला तोराही फार होता.

निडीच्या बाजूला एका खडकाळ उतारावर दगडाची खाण निघणार होती. त्याआधी तिथल्या झाडाझुडपांची यादी करून द्यायचं काम माझ्याकडे आलं, तेही ऐन मे महिन्यात. वाट दाखवायला पायथ्याच्या कातकरी वाडीतली एक बाई आली होती. ती अनवाणी पुढे, मी बूट घालून मागे, आणि तरी धापा मीच टाकत होते.

कातळातल्या एका भेगेपाशी ती थांबली. आत मुठी आवळल्यासारखे तपकिरी झुबके होते.

"ह्ये लिवा," ती म्हणाली.

"वाळून गेलंय हो ते. मेलेल्याचं काय लिहू?"

"मेलं नाय, बाय. पावसात या नि बघा, कसं हिरवंगार व्हतं."

नेचा असावा एवढं मला कळत होतं. पण पान उलटून मागचे बीजाणू पाहिल्याशिवाय मी नेच्याची जात सांगत नाही, आणि इथे पान हात लावताच मोडत होतं. "पावसानंतर नक्की येते," मी म्हणाले. तिला ते खरं वाटलं नसावं. तिने कोयत्याच्या टोकाने एक झुबका मुळामातीसकट उकरला आणि माझ्या हातावर ठेवला.

"मंग घरी पान्यात ठेवा."

मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकला आणि पेणला घरी येऊन साफ विसरले. मुदत संपत आली तशी यादी देऊन टाकली. त्या उतारापुढे लिहिलं: वाळलेलं गवत, विशेष काही नाही.

पिशवी पुन्हा हाती लागली ती श्रावणात. ओशाळून मी झुबका वाटीभर पाण्यात ठेवला. सकाळी चहा करायला गेले तर ओट्यावर इवले हिरवे पंखे उघडलेले, अगदी मोराच्या पिसाऱ्यासारखे. पान उलटलं. दुमडलेल्या कडांखाली बीजाणूंच्या रेघा. मयूरशिखा! ओळखायला मिनिटही लागलं नाही.

त्या आनंदात मी आजवर करत आले तेच केलं. मुळं धुतली, कीड लागू नये म्हणून विषारी द्रावणात बुडवलं, टिपकागदात दाबून वाळवलं, जाड कागदावर चिकटवलं, खाली सुबक अक्षरात नाव घातलं. यादीच्या दुरुस्तीचं मात्र आज-उद्या करत राहिले. आधी गणपती, मग परीक्षा.

दिवाळीच्या सुट्टीत तो कागद घेऊन निडीला गेले, तेव्हा उतार अर्धाच उरला होता. भेगेचा पत्ता नव्हता. एका नेच्यापायी खाण थांबली असती असं मी म्हणत नाही, पण यादीत तो असता तर निदान उचलून दुसरीकडे लावा, असं कोणी तरी म्हणालं असतं. ते मी होऊ दिलं नाही, आणि ते मला अजून खातं.

ती बाई तिथेच खडीच्या पाट्या उचलत होती. मी कागद दाखवला. तिने हात लुगड्याला पुसून चिकटवलेल्या पानावरून बोट फिरवलं.

"व्हय, ह्येच. पान्यात उघडलं ना?"

"रात्रीत उघडलं."

ती पहिल्यांदाच हसली. "बरं झालं गो बाय. हितलं तर सगळं गेलं. मंग कुठं लावलंत?"

सगळा झुबका त्या कागदावरच होता.